काळ्या ऑइलमधलं शिसं

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की जे काळंकुट्ट ऑइल काढतात, त्यात इंजिनाच्या झिजेची नोंद असते. रिंग किंवा लायनर घासला तर लोखंड, बेअरिंग गेलं तर तांबं किंवा शिसं. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने डिझेल इंजिनांच्या ऑइलमधले धातू स्पेक्ट्रोमीटरने मोजायला सुरुवात केली. इंजिन न उघडता आतला बिघाड कळू लागला. आम्ही सर्व्हरचे लॉग वाचतो, तसंच.

पेट्रोल गाड्यांचा लॉग मात्र खोटं बोलायचा. इंजिनाची ठकठक थांबवणारं, शिसं मिसळलेलं पेट्रोल १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात पहिल्यांदा विकायला आलं. जळालेला वायू थोडाफार पिस्टन रिंगच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतोच. त्याच्यासोबत शिसंही उतरायचं, पार हजारो पीपीएमपर्यंत. बेअरिंग ठणठणीत असलं तरी.

हे ऑइल पुन्हा वापरण्याजोगं करायची जुनी रीत अशी: आधी सल्फ्युरिक ॲसिड, मग विशिष्ट मातीतून गाळणं. ऑइल स्वच्छ निघायचं. शिसं ॲसिडच्या डांबरासारख्या गाळात बसायचं आणि गाळ कारखान्यामागच्या खड्ड्यात जायचा. ओक्लाहोमा सिटीतल्या डबल ईगल रिफायनरीत हे अनेक दशकं चाललं. १९८९ मध्ये ती जागा सुपरफंड, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत गेली. याला रिसायकलिंग म्हणायचं की शिशाची बदली, मला खरंच प्रश्न पडतो.

बरंचसं जुनं ऑइल तर सरळ बॉयलरमध्ये जाळलं जायचं. मग शिसं धुरात. १९८५ मध्ये अमेरिकेने जाळायच्या ऑइलसाठी मर्यादा घातली: शिसं १०० पीपीएम. त्याहून जास्त असलेलं ऑइल कारखान्यांच्या भट्ट्यांत मात्र चालायचं!

आकडे खऱ्या अर्थाने खाली आले ते पेट्रोल बदलल्यावर. १९८६ पासून अमेरिकेत गॅलनमागे शिशाची मर्यादा ०.१ ग्रॅमवर आली. भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. आपल्या घातक कचऱ्याच्या नियमांतही वापरलेल्या ऑइलसाठी शिशाचा आकडा तोच आहे, १०० पीपीएम. आज एखाद्या कारच्या ऑइल रिपोर्टमध्ये शिसं वाढलेलं दिसलं, तर मेकॅनिकने आधी बेअरिंगवर संशय घ्यावा.