‘ब्रेक ऑइल भरले’

औंढा नागनाथच्या एका गॅरेजमधली नव्वदच्या दशकातली वही हाती आली तेव्हा मी खजिना सापडल्यासारखी खूश झाले होते. (औंढा तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा.) सीटा भरणाऱ्या जीपांचं काम त्यात तारीखवार लिहिलेलं. एका जीपच्या नंबरापुढे दर आठ-दहा दिवसांनी तीच नोंद: ‘ब्रेक ऑइल भरले.’ मी मसुद्यात ठोकून दिलं, इथले चालक गाडीची नियमित निगा राखत. गाईडनाही ते आवडलं.

मग मसुदा घेऊन मिस्त्रींकडे गेले. ते हसलेच. “अहो ताई, ब्रेक ऑइल काय डिझेल हाय का संपायला? ती गाडी गळत होती.”

हायड्रॉलिक ब्रेक ही बंद व्यवस्था असते. पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव ढकलतो, तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत जातो आणि तिथले दट्टे ब्रेक शू ड्रमला टेकवतात. लायनर झिजला की टाकीतली पातळी उतरते, पण अगदी सावकाश. आठवड्याला भरावं लागतंय म्हणजे द्रव कुठूनतरी बाहेर पडतोय. जुन्या जीपमध्ये चारही चाकं एकाच मास्टर सिलिंडरवर असत; एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. माझ्या ‘नियमित निगा’त दहा-बारा माणसं बसलेली होती!

मिस्त्री पायानेच निदान करतात. पॅडल स्पंजासारखं लागतं, दोन-तीनदा पंप मारल्यावर वर येतं, तर आत हवा. दाबून धरलेलं हळूहळू खाली बसतं आणि बाहेर कुठे ओल नाही, तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. पाय काढला तरी एखादं चाक धरून राहतं, तेव्हा होज आतून सुजलेला असू शकतो. वरून तो नव्यासारखा दिसतो. ब्रेक मारताच गाडी डावीकडे ओढते, तर उजवीकडचा ब्रेक नीट धरत नाही, तिथला लायनर भिजलेला असू शकतो.

हे शेवटचं ऐकून मी वही पुन्हा उघडली. ‘डावीकडे वढते’ अशी एक नोंद होतीच, मी ती सोडून दिली होती. पुढे ‘पुढचे उजवे रबर किट, लायनर’.

‘ऑइल’ या शब्दानेही मला फसवलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. १९२४ मध्ये क्रायसलरने रबरी सील वापरले. पुढे बरीच वर्षं ब्रेकच्या द्रवात एरंडेल आणि अल्कोहोल असे. आता नेहमीचा द्रव ग्लायकॉलच्या जातीचा, तेल नव्हेच, पण नाव टिकलं. नाव वाचून कुणी इंजिन ऑइल ओतलं तर रबर फुगतं आणि ब्रेक जाम होतात. मिस्त्रींनी अशा गाड्या पाहिल्यात.

आता माझा प्रश्नच बदललाय. गळती माहीत असताना नुसतं भरत का राहिले? सगळ्यात दाट नोंदी महाशिवरात्रीच्या यात्रेच्या आसपास आहेत, आणि रबर किटची नोंद यात्रा उलगल्यानंतरची. त्या दिवसांत जीप उभी ठेवणं परवडलं नसावं. हा अजून माझा अंदाज आहे. चालकाचं गाव मिस्त्रींनी सांगितलंय. सोमवारी जाणार आहे.