डायनो-आलेखाचे वाचन

मोटारीच्या इंजिनात फेरबदल किंवा ट्यूनिंग केल्यावर डायनॅमोमीटरवर घेतलेल्या चाचणीचा आलेख पाहून शक्ती किती वाढली, ती कोणत्या आरपीएमला वाढली आणि त्यासाठी इंजिनाला काय सोसावे लागले, हे ठरवण्याची रीत. गॅरेजच्या भाषेत या यंत्राला ‘डायनो’ आणि प्रत्येक चाचणीला ‘रन’ म्हणतात. कागदावर सर्वांत ठळक छापलेला कमाल बीएचपीचा आकडा हाच या वाचनातला सर्वांत कमी भरवशाचा भाग असतो. एकाच यंत्रावर, एकाच रीतीने घेतलेल्या दोन रनमधला फरक आणि रेषेचा आकार यांवरच निदान बेतावे लागते.

पुणे–लोणावळा लोहमार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामध्ये बेगडेवाडी स्थानक आहे. या नोंदीतली उदाहरणे त्याच्या आसपासच्या पट्ट्यातली आहेत, आणि हा पट्टा भारतातल्या मोटारधंद्याचा गाभा म्हणावा असा आहे. एका बाजूला आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, दुसऱ्या बाजूला तळेगाव, ईशान्येला चाकण. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ अर्थात एआरएआय आहे. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि तिथे बनलेली पोलो ही ‘रीमॅप’साठी, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली (मॅप) बदलण्यासाठी, आवडती गाडी ठरली. अस्सल स्पोर्ट्स कार आपल्याकडे मोजक्याच असल्याने डायनोवर प्रत्यक्षात चढतात त्या बहुधा अशाच टर्बो हॅचबॅक आणि सेडान. म्हणून या नोंदीत उदाहरण पोलोचे घेतले आहे.

यंत्राचे प्रकार. इंजिन गाडीतून काढून थेट जोडायचा तो इंजिन-डायनो. तो कारखान्यांत आणि एआरएआयसारख्या संस्थांत असतो. गॅरेजमध्ये असतो तो चासी-डायनो. त्यात गाडीची चाके रोलरवर चढवून पट्ट्यांनी आवळतात, किंवा चाके काढून हबलाच यंत्र जोडतात. जड रोलर किती वेगाने गती घेतो यावरून टॉर्क काढणारा तो इनर्शिया डायनो. विद्युतचुंबकी ब्रेकने भार देणारा दुसरा. त्यावर इंजिन एका आरपीएमला धरून ठेवता येते, त्यामुळे ट्यूनिंगसाठी तो उजवा. दोन प्रकारांच्या यंत्रांवर एकाच गाडीचे आकडे जुळत नाहीत, आणि ते जुळावेत असा आग्रहही धरू नये.

टॉर्क आणि शक्ती. डायनो मोजतो तो टॉर्क. शक्ती गणिताने निघते. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९ केले की किलोवॅट मिळतात. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट आणि एक बीएचपी म्हणजे ७४५.७ वॅट. या गणिताने कोणताही कागद दोन मिनिटांत पडताळता येतो. २०२० साली आलेल्या पोलोच्या १.० टीएसआय इंजिनाचे कंपनीचे आकडे ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. हा टॉर्क ४००० आरपीएमपर्यंत टिकतो. तिथे शक्ती भरते सुमारे १०० पीएस. पुढे ५००० आरपीएमला ११० पीएस मिळायला टॉर्क १५५च्या आसपास पुरतो. म्हणजे टॉर्कची रेषा उतरणीला लागली तरी शक्तीची रेषा चढत राहते, आणि ते दोष नसून गणित आहे. आता समजा एखाद्या कागदावर ५५०० आरपीएमला १४० पीएस लिहिले आहेत, पण त्याच ठिकाणी टॉर्कची रेषा १५० न्यूटन-मीटर दाखवते. हिशेबाने तिथे ११७.५ पीएसच निघतात. बहुतेक वेळा अशा कागदावर टॉर्क चाकांवरचा आणि शक्ती क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) नेलेली, अशी सरमिसळ झालेली असते. असा कागद परत करावा.

सुधारणा गुणक. मावळातल्या, म्हणजे या पट्ट्यातल्या, वाचकाने सर्वाधिक लक्ष द्यावे ते इथे. हवेतला प्राणवायू जितका, तितके इंधन जळते. म्हणून हवेचा दाब, तापमान आणि दमटपणा बदलला की इंजिनाची शक्ती बदलते. दोन ठिकाणच्या चाचण्या तुलनेस याव्यात म्हणून मोजलेल्या आकड्याला एका गुणकाने गुणून तो ठरावीक हवेवर आणतात. एसएई जे१३४९ या मानकाची हवा २५ अंश सेल्सियस आणि ९९० हेक्टोपास्कल कोरड्या दाबाची. जुन्या जर्मन डीआयएन ७००२० ची २० अंश आणि १०१३ हेक्टोपास्कलची. जुन्या अमेरिकी ‘एसटीडी’ पद्धतीची हवाही अशीच थंड आणि दाट असल्याने तिचा आकडा एसएईपेक्षा सुमारे चार टक्के जास्त येतो. कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एसएई, डीआयएन की एसटीडी लिहिले आहे, हे आधी पाहावे. आधीचा रन एसएईत आणि नंतरचा एसटीडीत छापला, तर इंजिनाला हात न लावताच चार टक्के ‘वाढ’ मिळते.

बेगडेवाडीचा पट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे आणि इथे हवेचा खरा दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. डिसेंबरातल्या वीस अंशांच्या सकाळी एसएईचा गुणक साधारण १.०६ येतो, मे महिन्याच्या चाळीस अंशांच्या दुपारी तोच १.११च्या जवळ जातो. प्रमाण हवेत २०० बीएचपी देणारे टर्बो नसलेले इंजिन इथे डिसेंबरात १८९ च्या आसपास आणि मेमध्ये १८१ च्या आसपास प्रत्यक्ष देईल. आठ बीएचपींचा हा फरक केवळ ऋतूचा. एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलून अनेकदा यापेक्षा कमी वाढ मिळते. म्हणजे मे महिन्यात ‘आधी’ आणि डिसेंबरात ‘नंतर’ असे दोन असुधारित कागद शेजारी ठेवले, तर फिल्टरचे श्रेय थंडीला द्यावे लागेल.

दुसरा सापळा दाबाच्या आकड्याचा. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये पुण्याचा दाब १०१० च्या आसपास दिसतो, कारण हवामानशास्त्रात दाब समुद्रसपाटीवर आणून जाहीर करण्याची रीत आहे. नकाशावर वेगवेगळ्या उंचीची गावे ताडून पाहण्यासाठी ती रीत बरोबरच आहे. पण इंजिन ओढते ती हवा सहाशे मीटरांवरची. डायनोच्या संगणकात १०१० भरले तर थंडीत गुणक एकच्याही किंचित खाली जातो आणि निकाल खऱ्या आकड्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी पडतो. पुढच्या खेपेला कोणी खरा दाब भरला की तेच सात टक्के ट्यूनरच्या नावावर जमा होतात. तापमानाचेही तसेच. हवेचा सेन्सर गरम एक्झॉस्टजवळ लटकत असेल आणि दहा अंश जास्त दाखवत असेल, तर सुधारित शक्ती सुमारे दोन टक्के फुगते. गॅरेजमध्ये शिरल्यावर रोलरकडे बघण्याआधी हा सेन्सर कुठे टांगला आहे ते बघावे.

आयएसओ १५८५ या आंतरराष्ट्रीय मानकात पेट्रोल इंजिनासाठी हा गुणक ०.९३ ते १.०७ यांच्या दरम्यान असावा अशी अट आहे. त्याच्या बाहेरची चाचणी प्रमाण मानत नाहीत. आपल्या पठारावरची उघड्या शेडमधली उन्हाळी चाचणी या मर्यादेत बसतच नाही, आणि पावसाळ्यात हवेतल्या बाष्पाने कोरडा दाब आणखी उतरतो. कारखान्यांच्या चाचणीकक्षांत इंजिनाला पुरवायची हवा थंड-गरम करून तिचा दाब आणि दमटपणा राखला जातो, तो यासाठी. गॅरेजला ते परवडणारे नाही. त्यामुळे गॅरेजचा सुधारित आकडा हा अंदाज समजावा.

टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी, आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. आजचे टर्बो इंजिन मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला) निरपेक्ष दाब ठरवून चालते. बाहेरची हवा विरळ असली तर संगणक टर्बो अधिक वेगाने फिरवून तूट भरून काढतो. मॅनिफोल्डमध्ये २०० किलोपास्कल राखायचे तर मुंबईत टर्बोने हवा १.९८ पट दाबावी लागते, बेगडेवाडीला २.१२ पट. शक्ती फारशी घटलेली नसतेच. वर तिला सहा ते अकरा टक्क्यांचा गुणक लावला की ११० पीएसची मूळ गाडी ११७ ते १२२ पीएस दाखवू लागते. मग ‘कंपनीच आकडा कमी सांगते’ अशी समजूत पसरते. टर्बो गाडीचा असुधारित आकडाही मागून घ्यावा आणि मावळात तोच प्रमाण धरावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र अधिक वेगाने फिरणाऱ्या टर्बोची हवा अधिक तापते. युरोपात समुद्रसपाटीला बसवलेला मॅप जसाच्या तसा इथे घातला, तर टर्बोकडे राखीव फारसे उरत नाही.

चाकांवरची आणि क्रँकवरची शक्ती. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांत काही शक्ती खर्च होते. चासी-डायनोला दिसते ती उरलेली. ‘पंधरा टक्के जोडा’ हा सरधोपट नियम फेरबदलानंतर चुकतो. समजा मूळ गाडीने चाकांवर ९५ पीएस दाखवले आणि क्लच दाबून रोलर थांबेपर्यंत मोजलेली घट १५ पीएस निघाली, बेरीज ११०. रीमॅपनंतर चाकांवर ११८ आले. घट तेवढीच राहिली असे धरले तर क्रँकवर १३३. घटही त्याच प्रमाणात वाढली असे धरले तर सुमारे १३६.६. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. चाकांवरचे २३ पीएस मात्र वादातीत आहेत, बाकीच्यावर भांडण्यात अर्थ नाही. त्यासाठी दोन्ही रन एकाच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा, पट्ट्या तेवढ्याच आवळलेल्या आणि ऑइल तेवढेच तापलेले हवे.

रेषेचा आकार. संगणकात रेषा गुळगुळीत करण्याची सोय असते. ती जास्तीत जास्त वापरली की नॉक (इंधनाचे अवेळी, स्फोटक ज्वलन), मिसफायर, टर्बोचे हेलकावे हे सारे पुसले जाते आणि कागद देखणा होतो. दात असलेली रेषा मागावी. टॉर्कच्या शिखरापाशीच रेषा अचानक खचली आणि त्याच क्षणी आरपीएम वेगाच्या मानाने उसळले, तर क्लच घसरतो आहे. पोलोच्या जुन्या १.२ टीएसआयमधल्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन-मीटर इतकी सांगितली जाते. रीमॅपने त्या आकड्याला टेकणे म्हणजे गिअरबॉक्सचे आयुष्य पणाला लावणे होय. रोजच्या चालवण्यात उपयोगाची वाढ असते २००० ते ४५०० आरपीएममधली. केवळ शेवटच्या पाचशे आरपीएममध्ये दिसणारी दहा बीएचपी तळेगाव-चाकण रस्त्यावर कधी भेटणार नाही.

एकापाठोपाठ एक रन घेतले की टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो आणि आकडा उतरत जातो. पुढ्यात लावलेला पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही. म्हणून किमान तीन रन पाहावेत आणि त्यांतला सर्वोत्तम न घेता सरासरी घ्यावी. दोन रनमधला एक-दोन टक्क्यांचा फरक वाढीत धरू नये.

लॅम्डा आणि इंधन. शक्तीच्या रेषेखाली हवा-इंधन प्रमाणाची रेषा नसेल, तर तो कागद अर्धाच आहे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या ई-२० पेट्रोलला मात्र सुमारे १३.५ पटच. मापकयंत्र प्रत्यक्षात लॅम्डा, म्हणजे प्रत्यक्ष हवेचे पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेशी गुणोत्तर, मोजते आणि त्याला १४.७ने गुणून दाखवते. तेव्हा कागदावरचा आकडा पेट्रोलच्या मोजपट्टीवरचा समजावा आणि शक्यतो लॅम्डाच वाचावा. पूर्ण भारावर टर्बो पेट्रोल इंजिनात तो साधारण ०.८० ते ०.८८ असावा. शक्तीच्या शिखरापाशी तो एककडे सरकत असेल, तर वाढलेली शक्ती पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या जिवावर मिळवलेली आहे. सोबत इग्निशन टायमिंग आणि नॉकमुळे ते किती अंश मागे घेतले गेले याची नोंद हवी. १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये पुण्यासह निवडक शहरांत आणले. त्यावर घेतलेला रन आणि नेहमीच्या पंपावरच्या पेट्रोलवर चालणारी गाडी यांचा मेळ बसत नाही. ज्या पेट्रोलवर गाडी वर्षभर चालणार, त्याच पेट्रोलवर चाचणी घ्यावी.

डायनोवरचा एक रन दहा-पंधरा सेकंदांत संपतो. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतचा बोरघाट चार माणसे आणि एसीसह चढताना इंजिनावरचा भार काही मिनिटे टिकतो, आणि त्या अवधीत आत ओढलेली हवा डायनोवर कधी तापली नसेल इतकी तापते. म्हणून वेगमर्यादेत घाट चढताना घेतलेली नॉक आणि हवेच्या तापमानाची नोंद डायनोच्या कागदाला जोडली नाही, तर ट्यूनिंग पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या बीएस-६ मानकाच्या गाडीतून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे हा प्रदूषणाचाही अपराध आहे. शर्यतीपुरती बांधलेली आणि रस्त्यावर न येणारी गाडी सोडली, तर डायनोचा कितीही चांगला कागद यातून सूट देत नाही.