कावीळ : एक नाव, पाच विषाणू

आपल्या कर्जत-खालापूरकडे कुणाला कावीळ झाली की पहिला प्रश्न असतो, ‘उतरवून घेतली का?’ चुन्याच्या पाण्याने हात धुवायचे; पाणी पिवळं झालं, की कावीळ उतरली. किंवा डोक्यावर माळ ठेवायची. ती वाढत खाली आली, की रोग गेला. आणि बहुतेक माणसं खरोखरच बरी होतात. हे कसं, ते आज पाहू.

कावीळ हे लक्षणाचं नाव, रोगाचं नव्हे. या घोळात डॉक्टरही सापडले होते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर नाल्याचं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आली म्हणून ती पुढे ‘ए’ प्रकारची मानली गेली. जपून ठेवलेलं रक्त १९८०च्या सुमारास तपासलं, तर ना ‘ए’, ना ‘बी’! १९८१मध्ये आपल्या कोल्हापुरातही पाण्यातून अशीच साथ आली. तिचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केला. १९८३मध्ये बालायन या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन नवा विषाणू दाखवला. तोच ‘ई’.

आता फरक बघा. ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाण्या-अन्नातून येतात आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातात. ‘बी’ आणि ‘सी’ रक्तातून, दूषित सुईतून येतात. ‘बी’ आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही. ‘डी’ला तर ‘बी’शिवाय जगताच येत नाही. हे तिघं वर्षानुवर्षं मुकाट राहून यकृत पोखरतात.

म्हणजे माळेला श्रेय मिळतं ते ‘ए’ आणि ‘ई’चं. आमच्या तर्कशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

पण हा श्रेयाचा घोळ जिवावर बेततो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ‘ई’ झाला, तर पाचांत एखादी बाई दगावू शकते. तिथे माळेची वाट बघायला वेळ नसतो. आणि ‘बी’वाल्याचे डोळे पांढरे झाले तरी विषाणू रक्तात राहिलेला असू शकतो. ‘बी’ला लस आहे, ‘सी’ औषधाने बरा होतो. २०१८पासून सरकारी कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा ‘उतरवली का?’ याच्या आधी आपण विचारू या : ‘कोणती?’ त्याचं उत्तर रक्ततपासणीच देते.