सस्तन प्राण्यांमधील जीवनसत्त्वांचे मातेकडून गर्भाकडे वहन

सस्तन प्राण्यांच्या गर्भाला जीवनसत्त्वे मातेच्या रक्तातून वारेमार्फत मिळतात. प्रत्येक जीवनसत्त्व सारख्या प्रमाणात वार ओलांडत नाही. त्यामुळे जन्मलेल्या पिलाच्या शरीरातील साठा हा मातेचा आहार, जीवनसत्त्वाचा प्रकार आणि त्या प्राण्याच्या वारेची रचना यांवर अवलंबून असतो.

वहनाची पद्धत
ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वे व क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात. वारेतील वाहक प्रथिने ती गर्भाकडे नेतात. म्हणून गर्भाच्या रक्तात त्यांचे प्रमाण अनेकदा मातेच्या रक्तापेक्षा अधिक असते. गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नसल्याने त्याचा गर्भ पूर्णपणे मातेच्या आहारावर विसंबून असतो.

मेदात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांपैकी ई व के यांचे वहन अल्प असते. अ जीवनसत्त्व मातेच्या यकृतातून रेटिनॉलच्या रूपात प्रथिनाशी जोडले जाऊन वारेपर्यंत पोहोचते.

रवंथ करणारे प्राणी
गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या वारेत माता व गर्भ यांच्या रक्तांमध्ये ऊतींचे अनेक थर असतात. वासरे व कोकरे अ आणि ई जीवनसत्त्वांच्या तुटपुंज्या साठ्यासह जन्मतात. ही उणीव चीक भरून काढतो. गायीच्या चिकाचा पिवळा रंग त्यातील कॅरोटीनमुळे येतो. चीक वेळेवर न मिळाल्यास रोगप्रतिकारक प्रथिनांबरोबरच या जीवनसत्त्वांनाही पिलू मुकते.

अभाव व अतिरेक
हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन भरपूर असते. वाळलेल्या चाऱ्यात ते घटते. गाभण गायीला अ जीवनसत्त्व दीर्घकाळ अपुरे मिळाल्यास गर्भपात होणे, वार अडकणे, वासरू अशक्त किंवा आंधळे जन्मणे असे परिणाम दिसतात. ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांच्या अभावी कोकरांचे व वासरांचे स्नायू क्षीण होतात.

अतिरेकही घातक ठरतो. सिडनी कोहलान यांनी १९५३ मध्ये गाभण उंदरांना अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या असता पिलांत जन्मजात व्यंगे आढळली.

इतिहास
१९३३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात फ्रेड हेल यांनी अ जीवनसत्त्वरहित आहारावर ठेवलेल्या डुकरिणीला झालेल्या ११ पिलांना नेत्रगोल नव्हते, असे नोंदवले. पुरेसे अ जीवनसत्त्व दिल्यावर मात्र पिले निरोगी जन्मली. जन्मजात व्यंगे आनुवंशिकच असतात, या तत्कालीन समजुतीला या प्रयोगाने छेद दिला आणि गर्भवाढीतील मातेच्या आहाराचे महत्त्व अधोरेखित झाले.