धुळ्याचा जेल आणि बायका

मागच्या शनिवारी धुळ्याला मामाकडे गेलो होतो. जेलवरून जाताना मामा नेहमीचंच म्हणाला, "इथेच विनोबांनी गीताप्रवचनं दिली." लहानपणापासून ऐकतोय. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932, ओळीने 18 रविवार. विनोबा बोलायचे आणि साने गुरुजी लिहून घ्यायचे.

मी सहज विचारलं, "मामा, ऐकायला बायका होत्या का?" मामा गप्प.

तर मंडळी, होत्या! कायदेभंगात पकडलेल्या बायकाही त्याच तुरुंगात, वेगळ्या भागात होत्या. त्यांनाही प्रवचनं ऐकायची परवानगी मिळाली. पण शाळेत आम्हाला त्यातलं एकही नाव कुणी सांगितलं नाही. आउटपुट जपून ठेवलं, युजर्सची यादी गेली. (आमच्या प्रोजेक्टमध्येही असंच होतं, असो.)

चिमठाण्याचंही तेच. 14 एप्रिल 1944 ला तिथे सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाख रुपये. आकडा इकडे सगळ्यांना पाठ. डॉ. उत्तमराव पाटलांचं नाव लगेच निघतं. त्यांच्या पत्नी लीलाताई 1942 च्या आंदोलनात पकडल्या गेल्या, शिक्षा झाली, आणि त्या चक्क कैदेतून निसटून पुन्हा भूमिगत कामाला लागल्या. पण ओळख काय, तर "उत्तमरावांच्या मिसेस".

तुरुंग म्हणजे विद्यापीठ, असं आपण म्हणतो. पुरुषांसाठी ते बऱ्याचदा खरंही होतं. शेकडो जण एकत्र, मग अभ्यासवर्ग, चर्चा, लेखन. गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगातच लिहिली, फेब्रुवारी 1933 मध्ये. राजकीय कैदी बायका मात्र थोड्या. वर्ग भरायलाच माणसं नाहीत. मग शेजारी कोण? ज्यांना ठेवायला दुसरी जागा नाही, त्या.

आणीबाणीत मृणाल गोरेंना असंच एकटं ठेवलं होतं, कुष्ठरोग्यांसाठीच्या कोठडीत. समोरच्या कोठडीत एक मनोरुग्ण बाई. अंगावर कपडे नाहीत आणि दिवसभर किंचाळणं. ज्या बाईने मुंबईत पाण्यासाठी मोर्चे काढले, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आणल्या, तिला दिवसभर ऐकायला हे. 1977 मध्ये मृणालताई सुटल्या आणि मुंबईतून लोकसभेवर निवडूनही आल्या.

रात्री जेवताना मी हे सगळं मामा-मामीला सांगत होतो. मामा म्हणाला, "जबरदस्त बाई!"

मामी भाकरी वाढता वाढता थांबली. "आणि ती समोरची? तिचं काय झालं रे?"