जपानमधली २५ वर्षं जुनी गाडी अमेरिकेत चालते, मग भारतात का नाही?

निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या रील्स तुम्ही नक्कीच पाहिल्या असतील. त्याखाली कमेंट ठरलेली असते: "भाऊ, ही जपानवरून मागवता येते का?" मलाही हा प्रश्न सारखा विचारला जातो. थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मागवता येते, भारतात येत नाही. दोन्ही देश गाडीचं वय बघतात, पण नियम एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

अमेरिकेचा २५ वर्षांचा नियम

१९८८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत बाहेरची गाडी आणणं कडक झालं. तिथल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेली गाडी सहसा आत येत नाही. पण गाडी २५ वर्षांची झाली की त्या मानकांतून सूट मिळते. प्रदूषणाच्या नियमांसाठी ही मर्यादा २१ वर्षं आहे, फक्त इंजिन मूळ स्वरूपात हवं. कस्टम्समध्ये त्यासाठी एचएस-७ आणि ३५२०-१ असे दोन फॉर्म भरावे लागतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वय मोजतात ते गाडी बनली त्या महिन्यापासून, मॉडेलच्या वर्षापासून नाही. स्कायलाइन जीटी-आरचं आर३४ मॉडेल १९९९ मध्ये आलं, म्हणून सगळ्या आर३४ एकदम पात्र झाल्या नाहीत. ऑगस्ट २००१ मध्ये बनलेल्या गाडीला ऑगस्ट २०२६ पर्यंत थांबावंच लागतं. घाई करून आधी जहाजावर चढवली, तर गाडी बंदरातच अडकू शकते.

मोबाईलवर काय तपासायचं?

जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या कारला पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. त्याचा खर्च बराच असल्यामुळे अनेक लोक जुनी गाडी काढून टाकतात आणि ती लिलावात येते. लिलावात प्रत्येक गाडीसोबत एक तपासणी-पत्रक असतं. त्याचा फोटो मागवा आणि भाषांतराच्या ॲपमध्ये टाका. मग हे बघा:

• वर्ष: जपानी वर्ष 'हेइसेई' पद्धतीत असेल तर त्यात १९८८ मिळवा. हेइसेई ११ म्हणजे १९९९.
• ग्रेड: आकडा जितका मोठा तितकी गाडी चांगली. 'आर' किंवा 'आरए' लिहिलं असेल तर समजा, अपघातानंतर दुरुस्त केलेली आहे.
• नकाशावरची अक्षरं: 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'एस' म्हणजे गंज, 'डब्ल्यू' म्हणजे दुरुस्तीची खूण. शेजारचा आकडा वाढला की नुकसान जास्त.

अजून एक अडचण आहे. जपानी बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना सहसा १७ अक्षरी क्रमांक नसतो, छोटा चेसिस नंबर असतो. त्यामुळे नेहमीच्या व्हीआयएन तपासणाऱ्या वेबसाइट्स तिथे उपयोगी पडत नाहीत. अशा वेळी पहिल्या नोंदणीचा कागद कामाला येतो. गाडी आधी बनते, नोंदणी नंतर होते. म्हणजे नोंदणीलाच २५ वर्षं झाली असतील तर वयाची चिंता नाही.

आणि हो, देशात गाडी आली म्हणजे नंबर मिळेलच असं नाही. ६६० सीसीच्या छोट्या जपानी 'केई' ट्रकची नोंदणी अमेरिकेतल्या काही राज्यांनी नाकारली आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी पैसे भरण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघावा.

भारतात काय?

आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं, गाडी अजून किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्यालायक हवी आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच उतरवता येते. वर कर इतका लागतो की किंमत दुपटीच्या पुढे जाते. व्हिंटेज गाड्यांचे नियम वेगळे आहेत, पण १९९९ ची स्कायलाइन त्यात बसत नाही.

मग भारतात कधीतरी परदेशी नंबरची गाडी दिसते ती कशी? बऱ्याचदा ती 'कार्नेट' या कागदावर तात्पुरती आलेली असते आणि मुदत संपली की परत न्यावी लागते. ती इथे विकता येत नाही.

म्हणून "जपानची जुनी कार, स्वस्तात, टोकन भरा" असा मेसेज आला तर मी सांगेन, आधी चार गोष्टी मागा: बनल्याचा महिना, चेसिस नंबर, कस्टम्सची पावती आणि आरटीओची नोंद. यातलं एक जरी मिळालं नाही, तरी यूपीआय ॲप उघडू नका. गाडी जप्त झाली तर टोकन आणि गाडी दोन्ही जातात, आणि समोरच्याचा फोन तोपर्यंत बंद झालेला असतो.