दोन शब्बाथांचे साम्राज्य

१४५० साली इथियोपियाचा सम्राट झारा याकोब याने शेवा प्रांतात देब्रे मित्माक येथे धर्मसभा भरवली. वाद होता शनिवारचा. ख्रिस्ती माणसाने आठवड्याचा पवित्र दिवस म्हणून फक्त रविवार पाळावा, की जुन्या करारातला शनिवारचा शब्बाथही पाळावा, या प्रश्नावर तिथले मठ शंभराहून अधिक वर्षे दुभंगलेले होते. निकाल असा लागला की दोन्ही दिवस पाळायचे. इजिप्तहून आलेल्या मिकाएल आणि गॅब्रिएल या दोन बिशपांनी शनिवारला मान्यता दिली, आणि शनिवारवाल्यांनी त्याबदल्यात बिशपांच्या हातची गुरुदीक्षा घेण्याचे कबूल केले. धर्मसभा म्हटली की एक पक्ष खरा आणि दुसरा पाखंडी ठरणार, अशी आपली समजूत युरोपच्या इतिहासाने करून दिलेली आहे. म्हणून हा निकाल भिडेखातर केलेली तडजोड वाटतो. मला मात्र त्या साम्राज्याच्या ताकदीचे मर्म त्यातच दिसते. धर्मातली फूट इथियोपियाच्या राज्याला बाहेरून चिकटलेला रोग नव्हती. राज्य वाढले त्याच वाटेने ती वाढली. राजांनी मतैक्याचा हट्ट सोडून आज्ञापालनाचा धरला, तेव्हा तेव्हा ती त्यांना पेलली.

हे समजायला थोडे मागे जावे लागते. चौथ्या शतकात अक्सुमचा राजा इझाना ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर क्रूस आला. तिथला पहिला बिशप फ्रुमेंटियस याला अलेक्झांड्रियाच्या अथेनेशियसने दीक्षा दिली, आणि तेव्हापासून इथियोपियाचा बिशप, म्हणजे अबुना, अलेक्झांड्रियाच्या धर्मप्रमुखाने, म्हणजे पात्रिआर्कने, इजिप्तहून पाठवायचा असा शिरस्ता पडला. तो विसाव्या शतकापर्यंत चालला. ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेनंतर अलेक्झांड्रिया रोम आणि कॉन्स्टँटिनोपलपासून वेगळी झाली, तेव्हा इथियोपियाही तिच्याबरोबर गेला. व्यवहारात याचा अर्थ असा की एवढ्या देशात गुरुदीक्षा देण्याचा अधिकार बहुधा एकाच माणसाला, आणि तोही परका. त्याला देशाची भाषा येत नसे. कैरोच्या मुसलमान सुलतानांच्या मर्जीशिवाय तो निघू शकत नसे. एक अबुना वारला की दुसरा येईपर्यंत कधी कधी वर्षे लोटत. अशा चर्चमध्ये माथा परदेशात आणि प्राण मठांत असणे ओघानेच आले.

१२७० मध्ये येकुनो अमलाकने झाग्वे घराण्याचा पाडाव केला. लालिबेलाची अखंड खडकात कोरलेली चर्चे ज्यांच्या नावाशी जोडली जातात, तेच हे झाग्वे. नव्या घराण्याने आपली वंशावळ थेट राजा सॉलोमन आणि शेबाची राणी यांच्यापर्यंत नेली. चौदाव्या शतकाच्या आरंभी गेईझ भाषेत सिद्ध झालेल्या ‘केब्रा नगस्त’ या ग्रंथाने त्या दाव्याला शास्त्राधार दिला: राणीचा मुलगा मेनेलिक जेरुसलेमहून कराराचा कोश घेऊन आला, म्हणून देवाची निवड आता इस्राएलवरून इथियोपियावर आली आहे. राज्यकर्त्यांना ही कथा फारच सोयीची होती. पण जो राजा स्वतःला इस्राएलचा वारस म्हणवतो, त्याला इस्राएलच्या शनिवारचे काय करायचे हा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणारच होता.

मग अम्दा सेयोन आला. १३१४ ते १३४४ या तीस वर्षांत त्याने दक्षिणेकडचे दामोत आणि हदिया जिंकले, १३३२ मध्ये पूर्वेकडच्या इफातच्या मुसलमान सत्तेला नमवले आणि लाल समुद्राकडचा उत्तर भागही ताब्यात घेतला. फौज मुलूख जिंके, पण तिथे राहून माणसे ख्रिस्ती करण्याचे काम मठवासी करीत. हायक सरोवरातला देब्रे हायक मठ आणि तक्ला हायमानोतचा शेवातला मठ, जो पुढे देब्रे लिबानोस म्हणून प्रसिद्ध झाला, यांचे शिष्य ओसाड डोंगरांवर नवे मठ घालत गेले. राजे त्यांना जमिनींचा महसूल लावून देत. पण राजाच्या दानावर जगणारा मठ राजाच्या मुठीत राहतोच असे नाही. अम्दा सेयोनने बापाच्या विधवेशी लग्न केले, असा जाहीर ठपका याच संन्याशांनी ठेवला. त्याने त्यांना फटके मारून हद्दपार केले. हद्दपार झालेले गेले त्या मुलखात शिकवू लागले. अशा रीतीने राजाचा कोपदेखील धर्मप्रसाराच्या कामी आला.

शनिवारचा वाद ज्याने पेटवला तो संन्यासी एवोस्तातेवोस उत्तरेचा. शनिवार आणि रविवार दोन्ही पाळले पाहिजेत, बायबलात तसेच आहे, हा त्याचा आग्रह. अलेक्झांड्रियाची शिकवण त्याच्या विरुद्ध. मतभेद असह्य झाले तेव्हा तो देश सोडून इजिप्त, जेरुसलेम, सायप्रस करीत आर्मेनियात गेला आणि १३५२ मध्ये तिथेच वारला. त्याचे परतलेले शिष्य अबुनाकडून दीक्षा घेईनात, म्हणून त्यांना दरबारात आणि चर्चमध्ये जागा राहिली नाही. ते आजच्या एरिट्रियाच्या डोंगरांत पांगले आणि तिथे फोफावले. देब्रे बिझान हा त्यांचा मोठा मठ चौदाव्या शतकाच्या शेवटी उभा राहिला. १४०० साली सम्राट दावितने त्यांच्या पुढाऱ्यांना दरबारात बोलावले. अबुना बार्तोलोमेवोसने त्यांना वाकवण्याचा प्रयत्न केला, आणि बधले नाहीत त्यांना, मठाधिपती फिलिपोससह, अटकेत टाकले. चार वर्षांनी, १४०४ मध्ये, त्याच दावितने त्यांना सोडले आणि त्यांच्यापुरता शनिवार पाळायची मुभा दिली. बाकीच्या चर्चची रीत मात्र अलेक्झांड्रियाचीच ठेवली. ही उदारता होती असे मला वाटत नाही. उत्तरेचे हे मठ समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर होते, लोक त्यांना मानत होते, आणि परक्या अबुनाच्या शब्दाखातर ती सरहद्द दुखावणे कुठल्याही शहाण्या राजाला परवडणारे नव्हते. झारा याकोबने पुढे १४५० मध्ये शनिवार साऱ्या देशाला लागू केला आणि शनिवारवाल्यांना अबुनाच्या, म्हणजेच दरबाराच्या, कक्षेत आणले. मत त्यांचे चालले, शिस्त राजाची.

इथे कोणीही विचारील, की मग एस्तिफानोस या संन्याशाच्या अनुयायांचे काय? या पंथाच्या मठवासीयांनी मरियेच्या प्रतिमेपुढे आणि क्रूसापुढे साष्टांग घालायला नकार दिला. दंडवत पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला. इतर कोणाला नाही, आणि राजालाही नाही. झारा याकोबने त्यांचे हाल केले: नाके आणि जिभा छाटल्या, कित्येकांना ठार केले. हा राजा स्वतः धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा, मरियेचे सण वाढवणारा. त्याने आपल्या पोटच्या मुलांनाही दैवतपूजेच्या आरोपावरून मरेपर्यंत शिक्षा दिल्याचे बखरीतच नोंदले आहे. त्याची श्रद्धा ढोंग नव्हती आणि तिला नुसते राजकारण म्हणणे हा आपल्या काळाचा उथळपणा होईल. तरीही दोन पंथांना मिळालेली वागणूक शेजारी ठेवून पाहावी. शनिवारवाले अलेक्झांड्रियाच्या शिकवणीच्या उघड विरोधात होते, आणि त्यांना मान मिळाला. एस्तिफानोसचे लोक कडक मठशिस्तीचे, आपल्या कष्टावर जगणारे. पण त्यांचा नकार सिंहासनापाशी येऊन ठेपत होता. हा तपशील त्यांच्याच संतचरित्रांतून येतो, तेव्हा ती एकतर्फी आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण राजाच्या बाजूचे लिखाणही त्यांच्यावर दंडवत नाकारल्याचाच दोष ठेवते. दोन वैरी ज्या गोष्टीवर एकमत होतात, ती खरी मानायला हरकत नसावी. आणि छळ होऊनही हा पंथ बुडाला नाही: तिग्रायमधल्या गुंडा गुंदे मठात त्यांच्या परंपरेच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह उरला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १५२९ मध्ये शिंब्रा कुरेच्या लढाईत अदाल या मुसलमान सल्तनतीच्या अहमद ग्रान्हने सम्राट लेब्ना देंगेलचा मोड केला, आणि पुढची चौदा वर्षे मठ जळत राहिले. धर्मभेदांनी राज्य आतून पोखरले नसते तर हे घडले असते का? मला या युक्तिवादात काळाचा घोटाळा दिसतो. तोवर शनिवारचा तंटा मिटून एकोणऐंशी वर्षे झाली होती. राज्य फाटले ते मठांच्या शिवणीवर नव्हे. ज्या पूर्व-दक्षिणेच्या मुलखांना फौजेने जोडले होते पण मठांनी अजून पुरते आपलेसे केले नव्हते, ते आधी निसटले. ग्रान्हकडे तुर्की बंदुकाही होत्या.

राज्य वाचले त्यात गोव्याचा हात होता. राणी एलेनीचा वकील मातेउस १५१२ मध्ये गोव्यात पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेटला होता. १५४१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर इस्तेव्हाव द गामा गोव्याहून आरमार घेऊन लाल समुद्रात गेला आणि त्याने आपला भाऊ क्रिस्तोव्हाव याला सुमारे चारशे बंदूकधाऱ्यांसह मसावाला उतरवले. क्रिस्तोव्हाव मारला गेला, पण १५४३ मध्ये ग्रान्हही पडला. मग मदतीची किंमत मागायला कॅथलिक जेझुइट पाद्री पुढे आले. १५५५ मध्ये सम्राट गलाउदेवोसने आपला विश्वासनामा लिहून त्यांना उत्तर दिले, आणि त्यात शनिवार पाळण्याचे समर्थन आहे. ज्या शनिवारासाठी दीडशे वर्षांपूर्वी फिलिपोस तुरुंगात गेला, तो आता परक्यांपुढे मांडायची राष्ट्रीय ओळख झाला होता. इथियोपियासाठी नेमलेला कॅथलिक पात्रिआर्क जुवांव नुनिश बारेतो पुढे जाऊच शकला नाही. तो गोव्यात अडकला आणि तिथेच वारला. १५५६ मध्ये त्याच्या मंडळींबरोबर इथियोपियासाठी निघालेले छापखान्याचे यंत्रही गोव्यातच राहिले आणि भारतातली पहिली छपाई त्यावर झाली.

सम्राट सुसेन्योसने मात्र १६२२ मध्ये कॅथलिक पंथ जाहीरपणे स्वीकारला. त्याच्या दरबारातला जेझुइट पेरो पाएझ धीराने घेणारा होता. पाएझच्या मागून आलेल्या पात्रिआर्क अफोंसो मेंदिशने शनिवार, सुंता, जुने विधी सगळेच बंद करायला सांगितले, आणि पाद्र्यांनी नव्याने दीक्षा घ्यावी, असा हुकूम सोडला. मत आणि आज्ञा दोन्ही एकदम मागितली गेली. लोक बंड करून उठले, आणि हजारो शेतकऱ्यांच्या रक्तावर मिळालेल्या विजयानंतर १६३२ मध्ये सुसेन्योसने जुना धर्म परत दिला आणि मुलगा फासिलिदसच्या हाती राज्य सोपवले. मेंदिश देशाबाहेर घालवला गेला. तो पुढे गोव्यात वारला.

पण फासिलिदसने शनिवार परत आणला तरी जुना सौदा परत आला नाही. जेझुइटांशी वाद घालता घालता ख्रिस्ताच्या अभिषेकाविषयी नवे मतभेद उठले; गोज्जामचे एवोस्तातेवोस परंपरेचे मठ एका बाजूला, देब्रे लिबानोसवाले दुसऱ्या. गोंदार या राजधानीतले राजे सभा भरवत राहिले, पण एक राजा एका पक्षाला उचले आणि त्याचा वारस दुसऱ्याला. हरलेल्या पक्षाला पुढच्या राज्यारोहणाची वाट पाहणे पुरेसे होते, आज्ञा पाळण्याचे कारण उरत नव्हते; आणि आपापल्या मठांमागे उभे राहणारे प्रांतिक सरदार दर सभेगणिक बळावत गेले. १७६९ पासून तर सम्राट कोणी व्हायचे हेही तेच ठरवू लागले.